हळू लिहिणाऱ्या मुलीचं अपील

"लेखनिक दिला ना तिले? मग अपील कशाचं, मॅडम?" गावंडे सरांनी अर्ज माझ्याकडे परत सरकवला.

गावंडे सर आमच्या अकोल्याच्या कॉलेजचे परीक्षा नियंत्रक. मी तिथेच मानसशास्त्र शिकवते आणि समान संधी कक्ष सांभाळते. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सवलतीचे अर्ज माझ्याकडे येतात, निर्णय समिती घेते. तो पटला नाही तर प्राचार्यांकडे अपील करता येतं. तोवर ते कुणी केलं नव्हतं.

अश्विनी वानखडेनं केलं. बीएस्सीचं शेवटचं वर्ष, विषय गणित. मूर्तिजापूरहून रेल्वेनं यायची. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूचा स्नायूंवरचा ताबा कमी. हात अडखळत चालतो. अक्षर वेडंवाकडं, पण वाचता येतं. प्रत्येक पेपर अर्धवट राहायचा आणि तिला तर एमएस्सीला जायचं होतं. म्हणून तिनं जादा वेळ मागितला. समितीनं वेळ दिला नाही, लेखनिक दिला. म्हणजे ती सांगेल ते उतरवून घेणारा माणूस.

मी तिला विचारलं, "लेखनिक का नको? हाताला आराम मिळेल."

"मॅडम, गणित मले सांगता येत नाही. लिहिता लिहिताच सुचते."

मला ते पटलं. गावंडे सरांना नाही. त्यांची अडचण खोटी नव्हती. जादा वेळ म्हणजे एक खोली आणि एक पर्यवेक्षक अडकून पडतो. शिवाय त्यांना वाटत होतं, एकीला दिला की उद्या दहा जण मागतील.

सुनावणी प्राचार्यांच्या केबिनमध्ये झाली. प्राचार्य इतिहासाचे. मी शासनाच्या मार्गदर्शक सूचना समोर ठेवल्या. पात्र विद्यार्थ्यानं लेखनिक घेतला नाही तरी जादा वेळ देता येतो, असं त्यात होतं. गावंडे सर म्हणाले, "देता येतो, सर. पण आपण त्याहून मोठी सोय दिली आहे."

प्राचार्यांनी कोरा कागद ओढला. "बेटा, एखादं गणित सांग. मी लिहितो."

अश्विनीनं सोपंच घेतलं. तरी दुसऱ्याच ओळीला गाडी अडली.

"नाही सर, तो एक्स खाली नाही, वर. छोटा."

"असा?"

"कंस त्याच्या आधी बंद करा. नाही, आतला कंस."

कागदावर खाडाखोड वाढत गेली. चौथ्या ओळीला अश्विनी थांबली. डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "सर, मी कुठं होती तेच इसरली."

कुणी हसलं नाही. प्राचार्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "लेखनिक गणिताचा असतो का?"

"नाही सर," गावंडे सर म्हणाले. "कमी शिकलेलाच घ्यावा लागतो. नाहीतर तोच पेपर सोडवेल."

"म्हणजे हे असंच होणार."

गावंडे सरांनी खाडाखोडीचा तो कागद उचलून पाहिला. मग अश्विनीला विचारलं, "पेपर सुटायले उशीर झाला तर गाडी चुकन ना तुही?"

"मागून दुसरी आहे, सर."

जादा वेळ मंजूर झाला. वेगळी खोलीही मिळाली. टेबल हलू नये म्हणून तिनं भिंतीलगतची जागा मागितली, तीही दिली. त्या परीक्षेत तिचा एक पेपर तरीही अपुरा राहिला. बाकीचे पूर्ण झाले. एमएस्सीला तिला अमरावतीला प्रवेश मिळाला. आणि गावंडे सरांना भीती होती ते दहा जण काही आले नाहीत. दोघे आले, दोघांचंही म्हणणं रास्त होतं.

या कामात मी एक गोष्ट शिकले. सवलत नाकारली तर विद्यार्थी निदान भांडतो. चुकीची दिली तर तो बहुतेक वेळा आभार मानतो आणि मुकाट्यानं मागे पडतो. अश्विनीनं आभार मानले नाहीत, म्हणून आम्हाला कळलं.