चकल्या, शिडी आणि नलावडे मॅडम

नलावडे मॅडमनी इन्शुरन्स कंपनीला माझ्याविषयी लिहिलेलं पत्र मी फ्रेम करून वर्कशॉपच्या भिंतीवर लावलं आहे. आलेलं गिऱ्हाईक ते वाचतं आणि विचारतं, यात चकल्या कुठून आल्या? मग मला मॅडमची गोष्ट सांगावी लागते, आणि सांगताना माझी छाती दोन इंच फुगते.

मॅडम मूळच्या साताऱ्याच्या, पेशाने इंजिनिअर. तीस वर्षं दुबईत इमारतींच्या किमती ठरवण्यात गेलेली. तिथेच ऊद मेथा भागात एकट्या राहायच्या आणि दिवाळीला आमच्या शारजाच्या घरी यायच्या. माझ्या मुलीला दहावीचं गणित त्यांनीच शिकवलं. उत्तर बरोबर आलं तरी "मधली पायरी कुठे गेली?" म्हणून वही परत करायच्या.

एका जानेवारीच्या पावसात माझ्या फर्निचरच्या वर्कशॉपचं छत कोसळलं. प्लायवूड भिजून फुगलं, दोन्ही मशिनं बसली. कंपनीचे सर्व्हेअर कुरियन यांनी नुकसान धरलं ते मी नेमलेल्या सर्व्हेअरच्या आकड्याच्या निम्मं. पॉलिसीत अशा वेळेसाठी एक कलम असतं. दोघांचं जमेना तर दोघांनी मिळून तिसरा तटस्थ माणूस निवडायचा. त्याला अंपायर म्हणतात, आणि त्याचा आकडा अखेरचा. इकडे माझी सहा माणसं, सगळी चिपळूण-गुहागरकडची, दुबईतल्या सोनापूरच्या कामगार कॅम्पात हातावर हात धरून बसली होती. वर्कशॉप उघडलं नाही तर त्यांचे व्हिसे रद्द करून त्यांना गावी धाडावं लागणार होतं. मी मॅडमचं नाव सुचवलं. म्हटलं, आपला माणूस बसला की खलास, काम झालं.

मॅडम नाही म्हणाल्या नाहीत. "नाव द्या," म्हणाल्या, "पण माझी ओळख मी करून देणार." दुसऱ्याच दिवशी दोन्ही बाजूंना त्यांचं पत्र गेलं. त्यात लिहिलं होतं: चार दिवाळ्यांचा फराळ, चकल्यांसह. मुलीची शिकवणी, बिनपैशाची. कदम यांच्या वर्कशॉपमधून नेलेली एक शिडी, अद्याप परत न केलेली. आणि सगळ्यात खाली: या छताच्या एका कोपऱ्यातून पाणी ठिबकताना मी मागच्या वर्षी पाहिलं होतं आणि मालकांना सांगितलंही होतं.

ते खरं होतं. मी त्या कोपऱ्यात बादली ठेवली होती.

बायको चकल्यांवरून चिडली, मी छतावरून. मुलगी शांतपणे म्हणाली, "बट पपा, इट्स ट्रू, नो?" मी मॅडमना फोन लावला. निदान शिडी तरी आज आणून द्या आणि ती एक ओळ काढा, असं विनवलं.

"शिडी परत जाईल हो," मॅडम म्हणाल्या. "घेतली होती, हे कुठे जाईल?"

आता कुरियन मॅडमचं नाव उडवून लावणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी आम्हाला ऑफिसात बोलावलं आणि पत्र टेबलावर ठेवलं. "हमारी लिस्ट में तीन नाम हैं," ते म्हणाले. "तीनों ने लिखके दिया, किसी से कोई रिश्ता नहीं. उनमें से दो के साथ मैं हर हफ्ते खाना खाता हूँ. मॅडम ही चलेंगी."

पुढचे तीन महिने मॅडम आमच्याकडे फिरकल्या नाहीत. पाडव्याचं आमंत्रणही फोनवरच परत केलं. वर्कशॉपमध्ये आल्या त्या कुरियनना सोबत घेऊनच, आणि मला चक्क "मिस्टर कदम" म्हणाल्या. भिजलेली एकेक फळी उलटून पाहिली. निकालात गळक्या कोपऱ्यातलं प्लायवूड त्यांनी भरपाईतून कापलं. चूक माझीच होती, वाचताना लाज वाटली. पण मशिनं पूर्ण धरली, कारण ती त्या कोपऱ्यापासून किती लांब होती हे त्यांनी टेप लावून कुरियनना दाखवलं होतं. मागितलं त्याहून कमी आलं, तरी वर्कशॉप उघडण्यापुरतं आलं. सहाच्या सहा माणसं कामावर परतली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मॅडम शिडी घेऊन दारात हजर. "आता चकल्या द्या," म्हणाल्या.

गेल्या वर्षी त्या कायमच्या साताऱ्याला गेल्या. परवा शारजातल्या रोल्ला भागातल्या एका सोफेवाल्याच्या आगीच्या क्लेममध्ये अंपायर म्हणून माझं नाव निघालं. सोफेवाला जुना दोस्त. "हबीबी, अपना आदमी चाहिए," म्हणाला. त्याचं ड्रिल मशीन दोन वर्षं माझ्या फळीवर पडून आहे. आधी पोचतं करावं म्हणून मी ते उचललं. मग होतं तिथेच ठेवलं, कागद घेतला आणि पहिली ओळ त्या ड्रिलचीच लिहिली.