बहिरा पिकअप

शालूबाईंनी गिटार माझ्या टेबलावर आडवी ठेवली आणि स्वतः मागे सरकून उभ्या राहिल्या.

"भाऊ, हे बोलते," त्या म्हणाल्या.

माझं दुकान चंद्रपुरात. अँप्लिफायर म्हणजे अँप, कीबोर्ड, मिक्सर, गिटार, जे वाजतं आणि वाजायचं बंद होतं ते माझ्याकडे येतं. रोग सांगताना गिऱ्हाईक कवी होतं, याची मला सवय आहे. कोणाची गिटार रडते, कोणाची खोकते. म्हणून मी विचारलं, "म्हणजे घरघर करते का?"

"नाई जी. बोलते. मानसावानी."

शालूबाई वडशाच्या एका नाटक कंपनीत गिटार वाजवतात. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव नाटकं लागतात, आणि नाटक म्हटलं की स्टेजपुढे ऑर्केस्ट्रा आलाच. तिथली गिटारची खुर्ची आधी त्यांच्या नवऱ्याची, वसंताची होती. गेल्या हंगामाच्या तोंडावर वसंता मेंदूच्या मलेरियाने गेला. बाईंना त्यानेच शिकवलं होतं, म्हणून कंपनीने गिटार त्यांच्या हाती दिली. बाई गिटार वाजवते म्हणून सुरुवातीला लोक बघायला यायचे. मग ऐकायलाही लागले.

यंदा तालमी सुरू झाल्या आणि त्यांच्या अँपमधून कोणीतरी पुटपुटायला लागलं. शब्द ठरलेले. 'सावकाश. हात सैल सोड.' बायकोला शिकवताना वसंता हेच म्हणायचा, हे अख्ख्या कंपनीला माहीत. ऑक्टोपॅडवाला शेजारची जागा सोडून पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. शेवटी कंपनीच्या मालकांनी, दिगांबरभाऊंनी, बाईंना तोंडावर सांगितलं. पहिल्या प्रयोगाआधी गिटार गप्प झाली पाहिजे, नाहीतर त्या खुर्चीवर कीबोर्डवाला बसेल.

"धान कापाले जाईन, उपाशी नाई मरत मी," शालूबाई म्हणाल्या. "पन ते खुर्ची नाई सोडाची मले. जुने पिकअप काढा अन् नवे टाका. सारे म्हनते, वसंता त्यातच आहे."

पिकअप म्हणजे काय ते सांगतो. गिटारच्या तारांखाली चुंबकं असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की वेढ्यांमध्ये किंचित वीज उठते, आणि अँप तिचा मोठा आवाज करतो. चांगला पिकअप ठार बहिरा असतो. त्याला फक्त तार कळते. तुम्ही त्याच्यापुढे बोंब मारली तरी अँप ढिम्म.

हा बहिरा नव्हता. अँप लावून मी पिकअपवर पेन्सिल टेकवली, तर दारावर थाप पडावी तसा आवाज आला. वर्षभरापूर्वी हा पिकअप जळला, तेव्हा वसंताने घरीच बसून त्याला नवे वेढे घातले होते. हात सुरेख होता गड्याचा, पण वेढे सैल आणि त्यात मेण भरलेलं नाही. मेण नसलं की जवळच्या बोलण्यानेही वेढे थरथरतात. मग पिकअपचा माइक होतो.

मी वाकून "हॅलो" म्हटलं. अँपमधून तेच हॅलो विहिरीतून आल्यासारखं परत आलं.

"हे घ्या तुमचं भूत," मी हसून म्हणालो. "जवळ कोणी बोललं की ऐकतं आणि गावभर सांगतं. चुगलखोर आहे, बाकी काही नाही."

शालूबाई हसल्या नाहीत. मी त्यांना म्हटलं, वाजवून दाखवा. नाटकातल्यासारखं.

त्या स्टुलावर बसल्या आणि गिटारवर इतक्या वाकल्या की केस तारांना लागत होते. एक संथ चाल सुरू झाली. भर दुपार होती, बाहेर ट्रक चालले होते. आणि अँपमधून, सुरांच्या खालून, जाड दबका आवाज आला. 'सावकाश.' थोडं थांबून, 'हात सैल सोड.'

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आवाज कुठून येतो ते मघाशी मीच समजावून दिलं होतं, तरी आला. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे बोटांवर होते, आणि ओठ हलत होते. गिटारवरचा टोनचा नॉब पूर्ण खाली होता, त्यामुळे आवाजाची धार जाऊन तो पुरुषी येत होता.

चाल संपली. त्यांनी मान वर केली. चेहरा उजळला होता.

"ऐकलं न, भाऊ? त्यायचाच आवाज आहे."

मी "हं" म्हणालो. गिटार ठेवून घेतली.

मेणात बुडवून काम भागलं असतं, पण ती नाजूक तार गरम मेणात तुटली असती. वसंताच्या हातचं मोडायची माझी छाती झाली नाही. गिटारला पिकअप दोन, म्हणून दोन्ही नवे नागपूरहून मागवले आणि तिथून माझी पीडा सुरू झाली. पिकअप बसवायची खाच अरुंद निघाली, पटाशी घेऊन लाकूड कोरावं लागलं. जुन्याला दोन वायरी, नव्याला चार, आणि कोणता रंग कशाचा हे सांगणारा कागद डब्यात नाही. अंदाजाने जोडलं. एकेक पिकअप लावला की खणखणीत, दोन्ही मिळून लावले की आवाजातला जीव जायचा, नुसतं टरफल उरायचं. याला आम्ही फेज उलटणं म्हणतो. एक ढकलतो, दुसरा ओढतो, दोघं मिळून एकमेकांना खातात. एकाच्या वायरी आदलाबदल केल्या, तेव्हा जीव परत आला.

एक खोड उरली. गिटार एकटी ठेवली की गुणगुणायची आणि हात लावला की गप्प. दुकानात मी एकटाच, त्यामुळे तिच्यावरचा हात काढून चहाला उठायचं जिवावर आलं. खरं तर कारण साधं होतं. हवेतल्या विजेची ती घरघर, आणि अर्थिंगला जोडलेल्या तारांना हात लागला की ती कमी होते. खाचेला आतून तांब्याची पट्टी चिकटवली आणि तीही गेली.

शालूबाई न्यायला आल्या. वाजवलं. सूर असा स्वच्छ की मीच स्वतःवर खूश झालो. त्यांनी हात थांबवला, अँपकडे कान केला, पुन्हा वाजवलं.

"मंग ते गेले का, भाऊ?"

फार हळू विचारलं त्यांनी. मला ते सहन झालं नाही. वाटलं, खरं सांगितलं तर बाईच्या मनावरचं ओझं उतरेल.

"कोणी गेलं नाही, शालूबाई. तो आवाज तुमचाच होता. वाजवताना तुम्ही पुटपुटता."

"मी तं तोंडच नाई उघडत."

"उघडता. तुम्हाला कळत नाही. मी पाहिलं."

त्यांनी बोटं ओठांवर ठेवली, ताप बघावा तशी.

"मंग माया तोंडातून कोन बोलते?"

शोकात माणसं अशी बोलतात, सवय असते, वगैरे मी काहीतरी म्हणालो. त्या ऐकत नव्हत्या. पैसे दिले, वसंताच्या हातचा जुना पिकअप रुमालात बांधून मागून घेतला आणि वडशाची बस पकडायला गेल्या.

प्रयोगाआधी दिगांबरभाऊंनी मला तालमीला बोलावलं. गिटार स्वतः तपासून द्या म्हणाले, म्हणजे पोरांची भीती जाईल. दिवसाची तालीम होती, पत्र्याच्या हॉलमध्ये. ऑक्टोपॅडवाला जुन्या जागी परत आला होता. शालूबाई त्यांच्या खुर्चीवर होत्या, नाकातोंडावर दुपट्टा घट्ट बांधून. आमच्याकडे गाडीवर निघालेली प्रत्येक बाई असाच बांधते, पण या सावलीत बसल्या होत्या.

"धुळीनं बांधते म्हने," दिगांबरभाऊ म्हणाले. "बांधू द्या. काम पक्कं केलं तुमी. एक शब्द नाई आता. खुर्ची बाईचीच."

गाणं सुरू झालं. मी अँपला कान लावून बसलो. निव्वळ गिटार. माझं काम चोख होतं. मग मी वर पाहिलं. दुपट्ट्याचं कापड तोंडापाशी हलत होतं. श्वासाने हलतं तसं नाही. आत ओढलं जायचं, फुगायचं, थांबायचं, जसं बोलताना होतं. आणि आता बरेच शब्द होते. ओळीच्या ओळी. चाल संपली, बाईंची बोटं थांबली, तरी ते थांबलं नाही.

ऑक्टोपॅडच्या दणक्यात मला काही ऐकू येत नव्हतं. चार हातांवर तर बसल्या होत्या, जवळ जाऊन ऐकता आलं असतं. मी गेलो नाही. सामान गोळा केलं आणि दिगांबरभाऊंना सांगितलं, गिटारमध्ये काही दोष नाही.

तेव्हापासून धंद्यात एक नियम पाळतो. दोष कुठे आहे ते गिऱ्हाईकाला सांगायचं. कोणाचा आहे, ते विचारलं तरी सांगायचं नाही.