अप्पांच्या हातची जिन

अप्पा उजव्या तळहातावर जिनचे दोन थेंब घ्यायचे, दोन्ही हात एकमेकांवर घासायचे आणि ओंजळीत नाक खुपसून डोळे मिटायचे. मग ते म्हणायचे, "आधी नाकाला इचार, मंग कागदाला." कागद म्हणजे मी. वही घेऊन समोर मीच उभी असायची.

अहमदपूरच्या पुढे, नांदेड रस्त्याला, आमच्या मालकांनी जिनचा, म्हणजे विलायती दारूचा, छोटा कारखाना काढला होता. मालक लातूरच्या किराणा व्यापाऱ्याचे चिरंजीव. त्यांना नेहमीच्या जिनपेक्षा कडक जिन करायची होती, आणि तिला वास इथल्याच डोंगरातल्या गवताचा, मुळ्यांचा हवा होता. मी रेणापूर तालुक्यातली. नांदेडला रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, घरातली पहिली पदवीधर. आईला सांगितलं होतं की अर्काचा कारखाना आहे. अगदीच खोटं नव्हतं ते. माझ्यासारखीच्या हाती मालकांनी भट्टी सोपवली, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

अप्पांचं अहमदपुरात जडीबुटीचं दुकान. त्यांच्या वडिलांनी जन्मभर रोशा नावाच्या सुगंधी गवताचं तेल काढलेलं, त्यामुळे कुठल्या उतारावर काय उगवतं हे अप्पांना पाठ. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, सुपारीचंही व्यसन नाही. जिन त्यांनी कधी जिभेला लावली नाही. भट्टीवरची माणसं चिडवायची, "अप्पा, मठात काय सांगता? कुठं कामाला हाव म्हणून?"

"पाला इकतो म्हणतो. त्याचं तुम्ही पुढं काय करता ते तुमच्या पापात."

जिनला जुनिपरची वाळकी फळं लागतातच, ती बाहेरून यायची. अप्पा त्यांना पाव्हणे म्हणायचे. "पाव्हण्याला पाट द्या, पण सैपाक आपलाच." मालकांना बेलफळही घालायचं होतं, लेबलावर चांगलं दिसलं असतं. अप्पा म्हणाले, "बेल न्हाई. ते महादेवाचं हाय." मालकांनी दहादा समजावलं. शेवटी अप्पांनी कवठाची साल आणून दिली, आणि खरं सांगायचं तर तीच शोभली.

माझा वैताग वेगळाच होता. अप्पा वजन सांगत नसत. रोशा किती घालायचा? "बसंल तेवढं." अनंतमूळ? "वास येईल तितकं." असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीचं असेल, हात सोन्याचा पण प्रश्नाला उत्तर नाही. मी त्यांची प्रत्येक ओंजळ भट्टीत पडायच्या आत तराजूवर घ्यायची. ते बाजूला उभे राहून म्हणायचे, "तोला, एमेस्सी बाई, तोला. वास बी तोला."

पहिली बॅच उतरली. चाखायला पाणी घातलं तर ती किंचित दुधाळ झाली. मला वाटलं, बिघडली. अप्पा म्हणाले, "तेल हाय म्हणून दूध झालं. नसतं तर पाणीच दिसलं असतं." ग्लास रिकामा झाल्यावरही त्यात रोशाचा वास राहायचा, गुलाबासारखा आणि थोडा तिखट. पुण्याच्या दोन हॉटेलांनी कळवलं, अगदी अशीच आणखी द्या, थोडीही वेगळी नको. मालकांनी मला विचारलं, "वही आहे ना?" होती. त्यात सगळे आकडे होते.

मागणीची घाई होती, म्हणून मालकांनी सोमवारीच गवत कापून त्याच दिवशी भट्टी लावायची ठरवली. आता लिंगायत घरांत सोमवारी बैलाला जू लावत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेल. अप्पांनी तोच नियम गवताला लावलेला. शनिवारी-रविवारी कापायचं, सोमवारी गवताला हात लावायचा नाही, मंगळवारी भट्टी.

"अप्पा, एकच सोमवार," मी म्हणाले.

"एक बी न्हाई."

"माझी नोकरी अडलीय हो."

"तुमच्या नोकरीसाठी सोमवाराचा बुधवार हुतो का?"

माझा तोल गेला. चार माणसांसमोर मी म्हणाले, "राहू द्या मग. वजनं आहेत माझ्याकडे. तुमच्यावाचून काही अडत नाही." अप्पांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं, नमस्कारासारखं "शरणार्थ" म्हणाले आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागले.

सोमवारी सकाळी तीन मजूर घेऊन मी त्याच उतारावरचं गवत कापून आणलं. संध्याकाळी भट्टी लावली. प्रत्येक वस्तू दोनदा तोलली. जिन उतरली तितकीच कडक, पण वास ओल्या पेंढीचा. पाणी घातलं तर नळाच्या पाण्यासारखी नितळ राहिली. मालकांनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी बाटली घेऊन दुकानात गेले. अप्पांनी हात घासले, वास घेतला.

"ताजं घातलं का?"

"सकाळी कापलं, संध्याकाळी घातलं."

"गवत दोन दिवस सावलीत पडू द्यावं लागतं. सुस्तावतं, मंग तेल सोडतं."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" माझा आवाज चढला.

"सोमवारी हात लावायचा न्हाई, हे दर हप्त्याला सांगत व्हतो."

"ते मी सुट्टी म्हणून लिहिलं."

"मंग लिहिण्यात चुकलं."

"म्हणजे तेलासाठीच सोमवार पाळत होतात तुम्ही?"

अप्पांनी जरा विचार केला. "न्हाई. वडील पाळायचे, म्हणून मी पाळतो. त्यांना म्हाईत व्हतं का न्हाई, कुणाला ठाव."

मी माफी मागितली. त्यांनी चहा पाजला. "पुन्हा या ना अप्पा," म्हटलं तर म्हणाले, "वजनं हायती की तुमच्याकडं." रागानं नव्हे, साधंच. पण आले नाहीत.

ती मागणी गेली. मालकांनी मला काढलं नाही. विकतचा अर्क घालून साधी जिन सुरू केली, आणि तीच बाटलीत भरताना मला वर्षभर स्वतःची चीड येत राहिली. दिवाळी जवळ आली, रोशा फुलावर आला, तेव्हा मी मालकांकडे एकच बॅच मागून घेतली आणि अहमदपूर गाठलं. दुकानाला कुलूप. शेजारचा भांडीवाला म्हणाला, "अप्पा श्रावणातच वारले. तुम्ही त्या अर्कवाल्या बाई का? सांगायचे नेहमी, पोरगी हुशार हाय, पण घाई लई."

शनिवारी मी एकटीच डोंगरावर गेले. अप्पांचा तो एकच उतार मला ठाऊक होता. ते प्रत्येक ठोंब वीतभर राखून कापायचे. त्या सोमवारी आम्ही वजन भरावं म्हणून मुळापासून खरवडलं होतं. उतारावर आता मुरूम आणि गाजरगवत. वरच्या कपारीत, जिथं मजुरांचा विळा पोचला नव्हता, रोशाचा एक ठोंब उभा होता, तुऱ्यांनी वाकलेला. मी त्याच्याजवळ बसले. विळा पिशवीतून काढला नाही. त्याला बी धरून उतारावर सांडायला अजून महिना होता.