सुतकातला गुरुवार

मंगळवारी सकाळी नेकनूरच्या रस्त्यावर माझ्या भावाचा मृत्यू झाला. तो मोटारसायकलवर होता. समोरून खडीचा टिपर आला. दुपारी त्याला गावात आणलं. संध्याकाळी मी अग्नी दिला.

तो माझ्याहून सात वर्षांनी धाकटा होता. वडील लवकर गेले, त्यामुळे अग्नी देणं माझ्याकडे आलं. मी बीडला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. गावात मला सर म्हणतात, पण मी कोणाला काही शिकवत नाही. तो पुण्यात शिकला, दोन वर्षं नोकरी केली आणि परत आला. परत का आलास, असं कोणी विचारलं की म्हणायचा, "तिथं मला कोण वळखतंय? इथं कुत्री सुदीक वळखत्यात." मग ग्रामपंचायतीला उभा राहिला आणि निवडून आला. त्याच्या बरोबरीच्या पोरांचे वाढदिवसाचे फलक चौकात लागायचे, गॉगल घातलेले, हात जोडलेले. त्यानं स्वतःचा लावू दिला नाही. आमच्या घरात म्हणूनच त्याचा एकही मोठा फोटो नाही. दहाव्याच्या विधीला लागणारा फोटो शेवटी मतदार ओळखपत्रावरून मोठा करून घ्यावा लागला. त्यात तो कोणावर तरी चिडल्यासारखा दिसतो.

दिवाळी झाली की आमच्या गावातली अर्धी घरं ऊसतोडीला जातात. वरच्या आळीत मुकादमाचा ट्रॅक्टर येऊन उभा राहतो, भांडी, शेळ्या, कोंबड्या चढवल्या जातात आणि त्यांच्याबरोबर मुलंही चढतात. शाळेच्या हजेरीत नावं असतात, वर्गात मुलं नसतात. हे थांबवायचं, एवढी एकच गोष्ट माझ्या भावाच्या आणि त्याच्या तीन मित्रांच्या डोक्यात होती. आई-बाप जाऊ देत, मुलं इथं राहू देत. समाजमंदिराची खोली साफ केली. रात्री मुलांजवळ झोपायला एक म्हातारी बाई तयार झाली. दुपारची खिचडी शाळेत होतीच. प्रश्न संध्याकाळच्या जेवणाचा होता.

त्याचं उत्तर मी दिलं. आमचे वडील अंबाजोगाईला शिकत असताना वार लावून जेवायचे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, असे सात दिवस सात घरं. मी हे त्याला फोनवर सांगितलं, अशा विद्यार्थ्यांबद्दल जे काही वाचलं होतं तेही सांगितलं. तो म्हणाला, "दादा, जिंदगीत पहिल्यांदा तुझं वाचन कुनाच्या तरी पोटात जानार बघ."

घरं कोणाची घ्यायची, हेही त्यानं मलाच विचारलं. मी म्हणालो, आपल्या भावकीपासून सुरू कर, भावकीतलं कोणी नाही म्हणणार नाही. तो म्हणाला, "वाण्याच्या गल्लीत जाऊ का? सात घरं हायेत, सगळी खाऊन-पिऊन सुखी."

"नको," मी म्हणालो. "गल्लीत नाली करताना तू किराणावाल्या आप्पाच्या दुकानाचा पत्रा काढलास. ते तुला दारात उभं करणार नाहीत. अपमान करून घेऊ नकोस."

"आप्पाचं जाऊ दे, बाकीचे?"

"बाकीचे आप्पाचं बघून वागतात."

त्यानं ऐकलं. एरवी तो माझं फारसं ऐकत नसे.

चाळीसेक घरांची यादी झाली, सगळी आमच्या आडनावाची. समाजमंदिराच्या भिंतीवर त्यानं स्वतःच्या हातानं कागद चिकटवला. मुलं आपापलं ताट घेऊन निघायची. दारात उभं राहून काय म्हणायचं, हे त्यानं त्यांना पाठ करून घेतलं होतं: "काकू, आज तुमचा वार हाय, वाढता का?" शेवटचे दोन शब्द तो मुद्दाम लांबवायचा, म्हणजे मागितल्यासारखं वाटू नये, चेष्टा केल्यासारखं वाटावं. मुलं तशीच म्हणायची. संध्याकाळी गावात सगळीकडून त्याचाच हेल ऐकू यायचा. दोन हंगाम असे गेले. तिसऱ्या हंगामात सतरा मुलं होती. गुरुवारी आमच्या घरी तीन यायची, चौथीतली एक मुलगी आणि तिच्याबरोबर दोन लहान मुलं.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही स्मशानातून परत आलो तेव्हा मला यातलं काही आठवलं नाही. भावकीतला माणूस गेला की त्या आडनावाच्या सगळ्या घरांना दहा दिवसांचं सुतक लागतं. देवाला दिवा लागत नाही, बाहेरच्यानं त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नसतं. हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. यादी करताना भावाला माहीत होतं, मला माहीत होतं, ज्यांनी होकार दिला त्या सगळ्या बायकांना माहीत होतं. तरीही ते कोणाच्या मनात आलं नाही. त्याच्या मरणानं यादीतली सगळी घरं एकाच वेळी बंद झाली.

मुलं त्या संध्याकाळीही ताटं घेऊन निघाली होती. दारादारातून त्यांना हळू आवाजात परत पाठवलं गेलं. त्यांच्याजवळ झोपणाऱ्या बाईनं गूळ-शेंगदाणे दिले. बुधवारी मित्रांनी बिस्किटं आणली. ते तिघेही भावकीतलेच, त्यांच्याही घरी सुतक. गावात आमच्या भावकीखेरीज राहिली होती ती ऊसतोडीला गेलेल्यांची घरं, बंद किंवा नुसत्या थकलेल्या म्हाताऱ्यांची, आणि वाण्याची गल्ली.

गुरुवारी सकाळी राख सावडली. अस्थी मडक्यात घेऊन आलो तेव्हा माझा चुलतभाऊ, त्या तिघांतला एक, ओट्याखाली थांबला होता.

"दादा, मुकादमाला कळलंय," तो म्हणाला. "लेकरं उपाशी हायेत म्हनून त्यानं तिकडं मायबापांला फोन केलाय. उद्या सकाळी धान्याची पिकअप चाललीया ऊसतोडीच्या तळावर. त्यातच लेकरं घालून पाठवा म्हनतेत."

"सगळी?"

"सगळीच. त्यातल्या दोघा भावांच्या आजीनं तर कालच हो म्हनलंय."

ज्यानं अग्नी दिला त्यानं दहा दिवस घोंगडीवर बसायचं, कोणाच्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. मी घोंगडीवर जाऊन बसलो. दिवसभर माणसं येत होती, पाठीवर हात ठेवत होती. काहींनी माझा आवाज ऐकून मान खाली घातली. आम्हा दोघा भावांचा आवाज सारखा होता, फोनवर आईचीसुद्धा गफलत व्हायची. त्या तीन दिवसांत मी बोललो की आई दाराकडे बघायची. मी कमी बोलू लागलो.

दिवस कलला आणि दारात ती चौथीतली मुलगी उभी राहिली. मागे दोन लहान मुलं, हातात ताटं. सवयीनं आली होती. दारात बायांची गर्दी बघून तिला पाठ केलेलं वाक्य म्हणता आलं नाही.

आईनं तीन दिवसांत काही खाल्लं नव्हतं. ती भिंतीला धरून उठली आणि चुलीकडे गेली.

"आक्का, असं करू नगा," माझी चुलती म्हणाली. "सुतकातला घास लेकरांच्या पोटात घालू नगा. त्येंचे मायबाप परमुलखात हायेत. काही झालं तर कुनाच्या तोंडाकडं बघावं?"

"आन उपाशी गेली तर कुनाच्या तोंडाकडं बघू?" आई म्हणाली.

चुलतीनं तिचा हात धरला. वाईट हेतूनं नाही, तीही रडत होती. आई तशीच चुलीपुढे बसून राहिली. चुलीत विस्तव नव्हता.

आपण भावाला काय म्हणालो होतो ते मला त्या वेळी शब्दन् शब्द आठवलं. ते तुला दारात उभं करणार नाहीत. मी उठलो. कोणीतरी बस म्हणालं. मी चप्पल न घालता खाली उतरलो आणि मुलांना म्हणालो, "चला." तिघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. आवाजामुळे असावं.

वाण्याच्या गल्लीत सगळी शिवभक्तांची घरं, गळ्यात लिंग घालणारी, किराण्याची आणि कापडाची दुकानं चालवणारी. त्यांच्या पंथात सुतक मानत नाहीत. हे मी वाचलेलं होतं. त्यावर लिहिलेलं एक पुस्तक माझ्या ग्रंथालयात आहे, मीच त्याला क्रमांक घातलेला आहे. तीन दिवस घोंगडीवर बसून मला ते सुचलं नव्हतं.

आप्पा गल्ल्यावर बसले होते. मी नालीच्या अलीकडे थांबलो. ही भावानं केलेली नाली.

"सर, वर या की," ते म्हणाले.

"सुतक आहे, आप्पा."

"ते तुमचं. आमच्यात पाळत न्हाईत." मग त्यांनी मुलांच्या हातातली ताटं पाहिली.

मला मागता येईना. मी आयुष्यात कोणाच्या दारात काही मागितलेलं नाही, वाक्य कुठून सुरू करायचं तेच कळेना. तेवढ्यात मुलगी पुढे झाली आणि दुकानामागच्या दाराकडे बघून म्हणाली, "काकू, आज तुमचा वार हाय, वाढता का?"

तोच हेल. शेवटचे दोन शब्द तसेच लांबवलेले. आप्पांचा तागडीवरचा हात थांबला. मी नालीच्या कडेला बसलो.

आप्पांची बायको बाहेर आली. डोक्यावर पदर घेतला, मुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दोन सालं झाली," ती म्हणाली. "लेकरं रोज माज्या दारावरून ताटं घिऊन जात्यात. एक दिवस कुनी थांबलं न्हाई. मी यांना म्हनायची, आपलं चालत नसंल त्यांना."

"पत्र्याचा राग असेल असं वाटलं," मी म्हणालो.

"पत्र्याचा राग यांना हाय. सैपाक मी करते. मला कुनी इचारलं का?"

आप्पा खाली बघत म्हणाले, "राग होता. न्हाई असं न्हाई. पर लेकरांला न्हाई म्हनायला मी काय येडा हाय का?"

तिनं मुलांना आत घेतलं. हात धुवायला लावले. म्हणाली, "आधीच सांगते, आमच्यात वशाट मिळत न्हाई."

"अंडं बी न्हाई?" दोघांतला लहान म्हणाला.

"अंड्याचं नाव काढलं तर आप्पा दुकानात घेनार न्हाईत तुला. बस गप."

मला बाहेरूनच हसू आलं. तीन दिवसांतलं पहिलं. मग लाज वाटली.

बाकीची मुलं कुठे आहेत, असं तिनं विचारलं आणि उत्तर ऐकून तशीच गल्लीत निघाली, एकेका दारात थांबत. दिवेलागणीला सगळी मुलं सात घरांत जेवायला बसली होती. मी घरी जाऊन आईला सांगितलं. तिनं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

शुक्रवारी सकाळी पिकअप आली. ज्या दोन भावांच्या आजीनं हो म्हटलं होतं, ते त्यात बसले. मी आजीला समजावायला गेलो, पण उंबऱ्याबाहेरून बोलावं लागत होतं आणि तिला कमी ऐकू येतं. ती एवढंच म्हणाली, "मी लेकाला शब्द दिलाय." थोरला सहावीत होता, धाकटा तिसरीत. धाकट्यानं गाडीतून मला हात केला. माझ्या बाजूला कोणी उभं असल्यासारखा तो माझ्या शेजारी बघत होता. की मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

ते दोघे परत शाळेत आले नाहीत. मागच्या वर्षी थोरला मला तलवाड्याच्या फाट्यावर भेटला. तो आता बापाबरोबर मोळ्या बांधतो. मी त्याला ओळखलं नाही, त्यानं आवाजावरून मला ओळखलं. त्याची गाडी आधी आली.

त्या गुरुवारी आप्पांच्या दारात जायला जो उशीर झाला तो दोन वर्षांचा होता, आणि तो माझा होता. भावानं विचारलं तेव्हा मी नको म्हणालो. तो तेव्हाच गल्लीत गेला असता तर मंगळवारी रात्री सतराही मुलं जेवली असती आणि आजीला शब्द द्यायची वेळ आली नसती. मी हे मनात पुष्कळदा मांडून पाहतो. दरवेळी तेच उत्तर येतं. हे मी चुलतभावाला सांगितलं. तो म्हणाला, "दादा, सुतक कुनाच्या ध्यानात होतं? तू कशाला मनाला लावून घेतो?" तो चांगला मुलगा आहे.

समाजमंदिराच्या भिंतीवरचा कागद पहिल्या पावसाळ्यात ओलीनं गेला. नवी यादी आता दर दिवाळीला मी लिहितो, माझं अक्षर त्याच्यापेक्षा बरं आहे. काम ते तिघेच करतात, चुलतभाऊ यंदा ग्रामपंचायतीला उभा राहणार आहे. एकेका दिवसाला आता दोन गल्ल्यांतली घरं असतात, आमच्या भावकीतली आणि वाण्यांची. म्हणजे कोणत्याही एका आडनावात काही झालं तरी मुलं उपाशी राहणार नाहीत. दुसऱ्या वर्षी आप्पांच्या भावजयीनं विचारलं, सर, असं आलटून-पालटून कशाला? मी सांगितलं.

यंदा गावात एकोणीस मुलं राहिली आहेत. गुरुवार आमच्याकडे असतो. मी दुपारच्या एसटीनं बीडहून येतो, आई तीन मुलांना वाढते, आणि मुलं गेल्यावर आम्ही दोघं जेवतो.