दुसरं हत्यार

फौज सोडल्यावर माझी शेवटची पोस्टिंग कुंभारवाडा गावाच्या पलीकडे, आमच्याच वाडीत झाली, असं मी चेष्टेनं सांगतो. हवालदार मिराशी म्हणून निवृत्त झालो. घरी भाताची शेती, चार नारळी, आणि वडिलांच्या नावची एकनळी बारा बोअर बंदूक. पिकाच्या राखणीसाठी मिळालेला तिचा परवाना पुढं माझ्या नावावर झाला. ड्यूटी एकच, रानडुकरांपासून भात राखणं. बहुतेक वेळा हवेत एक बार काढला की कळप निघून जायचा.

जंगलात जाऊन शिकार करायला परवानगी नाही आणि मला हौसही नाही. पण आमच्या जोयडा तालुक्यात ज्याच्या शेताच्या बांधापासून रान सुरू होतं, त्याला कधी ना कधी डुकराच्या समोर उभं राहावं लागतं. एकनळीत एकच काडतूस असतं. ते उडालं, डुक्कर पडलं नाही आणि अंगावर आलं, तर पुढं काय, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. म्हणून कमरेला एखादं लहान हत्यार असावं असं ठरवलं. दुसऱ्या हत्याराच्या परवान्याचा अर्ज केला आणि कोणतं घ्यावं ते विचारायला रामनगरला सुभेदार यल्लाप्पा गुरव यांच्या घरी गेलो.

गुरव साब माझे जुने प्लाटून कमांडर. मूळचे खानापूरकडचे. निवृत्तीनंतर रामनगरला घर बांधून राहिले होते. काश्मीरमध्ये आणि नंतर ईशान्येच्या जंगलात मी त्यांच्या हाताखाली होतो. सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं की फौजेत प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल असतं. तसं नसतं. जवानाचं हत्यार रायफल. पिस्तूल ठरावीक लोकांना, ठरावीक कामाला. घराची झडती घेताना दारातून आत शिरणाऱ्याकडे ते असायचं. काही महिने ते माझ्याकडे होतं, म्हणून त्याची मला सवय होती.

वैनींनी चहा ठेवला. साबांनी आतून स्वतःचं रिव्हॉल्व्हर आणलं. त्यांचा परवाना जुना होता. त्यांनी सिलिंडर उघडला, गोळ्या काढून वेगळ्या वाटीत ठेवल्या, सिलिंडर माझ्या डोळ्यांसमोर फिरवून दाखवला आणि मग हत्यार टेबलावर ठेवलं.

"पिस्तूल घ्यावं म्हणतोय साब," मी म्हणालो. "हाताला सवय हाय. गोळ्याबी जास्त बसतात."

"नऊ एमएम सिव्हिलला मिळत न्हाई. पॉइंट बत्तीसच मिळणार. ठावं हाय न्हवं?"

"व्हय साब."

"मग ऐक. डुक्कर दहा पावलांवर असंल तर तू बंदूक उचलशील. दुसरं हत्यार कवा काढशील? ते तुज्या मांडीला भिडल्यावर. तवा नळीचं तोंड त्याच्या अंगाला टेकणार. पिस्तूल असं दाबलं की नळीवरची स्लाइड मागं सरती, मग ते फायर हुईत न्हाई. रिव्हॉल्व्हरला स्लाइडच न्हाई. टेकवून दाब, उडतंय. एखादी गोळी फुसकी निघाली तर परत ट्रिगर दाब, फुडची गोळी येती. आन् आपल्याकडचा पाऊस बघ. जेवढे भाग कमी, तेवढा गंज कमी."

"पण बत्तीसच्या गोळीनं डुक्कर मरतंय का?"

"मरत न्हाई," साब म्हणाले. "वळतंय. वळलं की बास झालं."

माझं ठरलं. रिव्हॉल्व्हर. परवान्याची वाट बघायची होती.

त्यानंतर काही आठवड्यांनी, भात पोटरीला आलं तेव्हा, ते एकटं डुक्कर आमच्या भागात आलं. मोठा नर. कुणीतरी चोरून लावलेल्या तारेच्या फासात त्याचा पुढचा पाय अडकला होता आणि ते फास तोडून पळालं होतं. तार पायात तशीच रुतलेली. बांधावर गवत कापणाऱ्या आमच्या वाडीतल्या सुमित्राला त्यानं भरदिवसा पाडलं. ती वाचली, पण कमरेला मोठी जखम झाली. तीच वाट शाळेला जाणाऱ्या मुलांची. वनखात्यानं पाहणी केली, त्या एका डुकराला मारायची लेखी परवानगी काढली आणि परवान्याची बंदूक असलेला माणूस म्हणून मला बोलावलं.

मी साबांना फोन केला. सल्ला विचारायला केला होता.

"तुजं लायसन आलं काय?" त्यांनी विचारलं.

"अजून न्हाई."

"मग दुसरं हत्यार मी. सकाळी येतो."

सकाळी सातला आम्ही तिघं निघालो. पुढं वनखात्याचे गार्ड महादेव वेळीप, हातात कोयता आणि खांद्याला वॉकीटॉकी. वेळीप आमच्याच भागातले, पन्नाशीचे, कमी बोलणारे. मध्ये मी बंदूक घेऊन. मागं साब, कमरेला रिव्हॉल्व्हर. पाऊस थांबला होता, पण धुकं शेतावर बसलेलं होतं आणि पानांवरून पाणी गळत होतं. सुमित्राच्या बांधावरून माग लागला. तीन खूर साफ, चौथ्याच्या जागी फरपटल्याची रेघ. रेघेत थोडं रक्त.

माग नाल्याच्या कडेनं वर गेला आणि बांबूच्या बेटात शिरला. तिथला बांबू मागे फुलून मेला होता. काही काठ्या आडव्या, काही एकमेकींवर टेकलेल्या, सगळ्या करड्या. त्या बेटात पाखरू नव्हतं. एवढ्या सकाळी आमचं रान इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.

तिथं पहिल्यांदा तो आवाज आला. टक्. लाकूड दगडावर आपटावं तसा. थोडं थांबून परत, टक्.

वेळीपांनी हात वर केला. आम्ही थांबलो. आवाजही थांबला.

"फासाचो खुंटो," वेळीप कुजबुजले. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "तारेला खुंटा बांधलेला असतोय. तो ओढत चाललंय ते."

आवाज पुढून येत होता. आम्ही चाललो की तो चालायचा. आम्ही थांबलो की थांबायचा. साबांनी मागून बोटानं खूण केली, डावीकडून. आम्ही डावीकडून वळसा घेतला. आवाज आता उजवीकडे हवा होता. तो समोरच होता. जमीन ओली होती आणि एका खुराच्या ठशात गढूळ पाणी अजून फिरत होतं. म्हणजे जनावर आत्ताच तिथून गेलेलं. पण काटकी मोडल्याचा आवाज नाही, घुरघुर नाही, झुडूप हललेलं नाही. वास मात्र होता. उग्र, सडलेल्या जखमेचा.

वॉकीटॉकी खरखरला. "वेळीप, लोकेशन सांगा. ओव्हर."

त्या शांततेत तो आवाज केवढा तरी मोठा वाटला. वेळीपांनी घाईनं आवाज कमी केला. "नाल्याच्या वर, मेलेल्या बांबूत. माग चालू. ओव्हर."

"गाडी रस्त्यावर उभी आहे. ओव्हर."

नंतर बराच वेळ आम्ही त्या आवाजामागे चाललो. एका चिखलाच्या पट्ट्याशी मी थांबलो. चिखलात बुटांचे ठसे होते. माझ्या बुटांचे, साबांच्या बुटांचे, वेळीपांच्या सपाट चपलेचे. आम्ही फिरून आमच्याच वाटेवर आलो होतो. आणि आमच्या ठशांवर, माझ्या टाचेच्या बरोबर मधोमध, डुकराचा खूर उमटलेला होता.

साब पुढं आले. खाली बसून त्यांनी तो ठसा बघितला. 

"मिराशी," ते हळू म्हणाले, "आपुन त्याच्या मागं न्हाई. ते आपल्या मागं हाय."

"पण आवाज पुढनं येतोय साब."

"ऐकाया येतोय. पाठीला पाठ लावा."

आम्ही तिघं पाठीला पाठ लावून उभे राहिलो. ईशान्येत अॅम्बुशमध्ये पडून राहताना भीती वाटायची, पण ती माणसांची असायची. माणूस काय करेल याचा अंदाज असतो. इथं तो अंदाज नव्हता. समोर सावरीचा एक जुना बुंधा होता, काळपट, शेवाळ धरलेला. मी त्याच्याकडे दोन-तीनदा बघितलं होतं. चौथ्यांदा बघितलं तेव्हा त्याला डोळा होता.

ते ओरडलं नाही. सरळ आलं. मी फायर केला. एलजीचे जाड छर्रे खांद्यात बसलेले मला दिसले, कातडीवरचा चिखल उडाला. ते गुडघ्यावर गेलं आणि उठलं. मी बंदूक बिजागरीत मोडून नळी उघडली. रिकामं काडतूस बाहेर येईना. दमट हवेनं फुगून नळीत घट्ट बसलं होतं. मी नखानं ओढत होतो आणि खाली मान घालून ओढत होतो, कारण वर बघून काही उपयोग नव्हता.

"बाजूला हो," साब म्हणाले. मी हलायच्या आत ते माझ्या आणि त्याच्यामध्ये आले होते.

पहिले दोन बार मोकळे ऐकू आले. मग धडक. नंतरचे दोन दबलेले, उशीत तोंड घालून खोकल्यासारखे. नळी अंगाला टेकली होती. डुक्कर बाजूला वळलं, बांबूवर आपटलं आणि तिथंच पडलं. वेळीपांनी कोयत्यानं काम संपवलं.

साब खाली बसले होते. बसल्यासारखेच, पाय पुढं पसरून. उजव्या मांडीवर आतल्या बाजूला जखम होती आणि रक्त थांबत नव्हतं.

"वळलं काय?" त्यांनी विचारलं.

"वळलं साब."

मी पट्टा काढून जखमेच्या वर आवळला, काठी घालून पिळला, दोन्ही हातांनी दाबून धरलं. वेळीप वॉकीटॉकीवर ओरडत होते, "माणूस जखमी! गाडी नाल्यापर्यंत आणा! ओव्हर! ऐकतंय काय?" दोन बांबू आणि माझा रेनकोट घेऊन आम्ही स्ट्रेचर केलं. वजन पेलताना वेळीप पडले, उठले, परत धरलं. जीपपर्यंत पोहोचलो तेव्हा साबांचा चेहरा पांढरा झाला होता, पण शुद्ध होती.

जीपमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यांनी माझ्या बंदुकीकडे बघितलं.

"काडतूस निघालं काय?"

निघालं नव्हतं. "निघालं साब," मी म्हणालो.

"चेक कर. भरल्यालं हत्यार गाडीत न्हाई पायजे."

"क्लियर हाय साब."

"माजं बी बघ."

मी त्यांच्या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर उघडला, उरलेल्या दोन गोळ्या काढल्या आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सिलिंडर फिरवून दाखवला. त्यांनी मान हलवली. रामनगर यायच्या आधी ते गेले.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. पोलीस आले, पंचनामा झाला, रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा झालं. डुकराची तपासणी वनखात्यानं केली तेव्हा मी हजर होतो. तार पायात हाडापर्यंत गेली होती. तिचं तुटलेलं टोक वीतभर बाहेर होतं. त्याला काही बांधलेलं नव्हतं. वेळीपांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी वेळीप दोन माणसं घेऊन फास शोधायला गेले. फास नाल्याच्या खालच्या बाजूला सापडला. खुंटा जमिनीत जसाच्या तसा ठोकलेला होता, तारेचा उरलेला तुकडा त्याला होता. ते डुक्कर खुंटा ओढत कधी फिरलंच नव्हतं. वारा तर त्या सकाळी नव्हता. मग आम्हाला तासभर त्या बेटात कशानं फिरवलं, हे मला सांगता येत नाही. वेळीप त्यावर बोलत नाहीत. नाल्याच्या त्या अंगाला ते ड्यूटीशिवाय जात नाहीत, आणि गेले तर दोघं मिळून जातात.

वैनींना भेटायला मी बाराव्याला गेलो. त्यांनी एकच विचारलं, "शेवटाला काय म्हणाले?"

"हत्यार क्लियर करायला सांगितलं."

 "घरात बी तेच सांगत हुते," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

माझा परवाना आला. मी बेळगावला जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं. आसपासच्या गावांतले बंदूकवाले कधी विचारायला येतात, पिस्तूल घेऊ की रिव्हॉल्व्हर. मी साबांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगतो. आपल्याकडून काही घालत नाही.

वर्षातून एकदा बेळगाव भागातले आमच्या पलटणीचे जुने लोक जमतात. जेवणाआधी गेलेल्यांची नावं वाचली जातात. आधी ड्यूटीवर धारातीर्थी पडलेल्यांची, मग घरी वारलेल्यांची. यंदा गुरव साबांचं नाव दुसऱ्या भागात आलं. नियमाप्रमाणे ते बरोबर आहे. माझ्या शेजारी आमच्या प्लाटूनचा एक जुना लान्स नाईक बसला होता. त्याला एका कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे तो मोठ्यानं बोलतो.

"गुरव साब कशानं गेलं रं?"

"रानडुकरानं."

"आन् तू कुठं हुतास?"

"त्यांच्या मागं," मी म्हणालो. "ते माझ्या पुढं उभे राहिले होते."

त्यानं माझ्याकडे बघितलं. टेबलाचा आधार घेत तो उठला, जाकिटाची बटणं लावली आणि सावधान उभा राहिला. अजून कुणी हुकूम दिला नव्हता. मीही उठलो. मग एकेक करून सगळा हॉल उभा राहिला.