पेरूवरची दोन कणसं

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. लेण्याद्रीला गणपतीपुढे एकदा बोलणार होते, पण मागून रांगेत एवढी ढकलाढकली चालली होती की — नाही, हे खोटं. त्या दिवशी रांगच नव्हती. गाभाऱ्यात मी एकटी होते आणि तरी गप्प बसले. म्हणजे बघा, कबुली द्यायला बसले आणि सुरुवातीलाच थाप मारली. अशी मी आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं केलं तरी काय या बाईनं? सांगते. पण आधी झाड बघा.

बोरी बुद्रुकला आमच्या परसात एक पेरू आहे. फार उंच नाही, हात वर केला की फांदी हाताला लागते. थंडी पडली की त्या झाडाला घडीभर उसंत नसते. उजाडता उजाडता राघू येतात — खातात थोडं, नासधूस फार. मग बुलबुल, साळुंक्या, चिमण्यांचं अख्खं खटलं. दिवाळीनंतर कुठल्या तरी लांबच्या मुलखातून एक काळा-तांबूस पाहुणा येतो आणि सारखी शेपटी थरथरवत बसतो. माझे सासरे, आमचे आबा, त्याला ‘गारठलेला’ म्हणतात. आणि खार. तेव्हा एकच होती, शेपटीच्या टोकाला जराशी बोडकी. आबांची ती फार लाडकी.

अकरा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आबा विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाडाला स्टीलची पट्टी बसली, पण शेतात जाणं बंद. जन्मभर रानात उभा राहिलेला माणूस खाटेवर पडून काय करणार? मी त्यांची बाज परसात उन्हाला टाकू लागले. मग पेरूचं झाड हेच त्यांचं शिवार झालं. कोण आलं, कोण गेलं, कोण कोणाशी भांडलं, सगळा हिशेब संध्याकाळी जेवताना आम्हाला ऐकावा लागे.

आता कणसांकडे येते. (येते, येते. पळून जात नाही.)

आमच्या भागात आता ऊस, कांदा, टोमॅटो. ज्वारी कोण करतो? पण आबांनी बांधाच्या कडेला हुरड्याच्या गोड ज्वारीची चार तासं, म्हणजे चार ओळी, जपली होती. त्यांचा नेम असा, की कणसं दुधात आली की पहिली दोन पेरूच्या फांदीला बांधायची. पाखरांचा वाटा. हुरडा संपेपर्यंत रोज सकाळी दोन ताजी कणसं. त्या वर्षी आबांचा पाय जमिनीला टेकत नव्हता, म्हणून बांधायचं काम माझ्याकडे आलं. सुतळीची गाठ मीच मारायची. गाठ मारणाऱ्याला ती सोडताही येते — हे काय वेगळं सांगायला हवं?

पाहुणे आले की हुरडा भाजणारी मी, चोळणारी मी, आणि ताटं फिरून आली की आगटीत नुसती राख. हे कारण म्हणून सांगत नाहीये. आगटीपाशी बसून चार मुठी तोंडात टाकल्या असत्या तर कोणी माझा हात धरला नसता. मला उपाशी कोणी ठेवलं नव्हतं. मला तो एकटीनं खायचा होता, कोणाला ‘घ्या ना अजून’ न म्हणता. बस, एवढंच.

दुपारी आबांचा डोळा लागे. मी हळूच कणसं उतरवायची. न्हाणीच्या चुलीतली राख उकरली की खाली सकाळचे निखारे जिवंत असत. त्यात कणसं भाजायची, तळहातावर चोळायची, फुंकर मारायची, वर लसणाची चटणी. काय सांगू तुम्हाला? आजही लिहिताना तोंडाला पाणी सुटतंय, आणि लाज कमी वाटतेय, हीच खरी पंचाईत आहे. सकाळी पाखरांची, दुपारी माझी. सलग आठ-नऊ दिवस.

आबांच्या ध्यानात येणार नाही असं कसं होईल? एके दिवशी त्यांनी लोंबती सुतळी मागून घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, “गाठ सुटलीया ही. पाखराला गाठ सोडाय येती व्हय?”

मी म्हणाले, “खार असंल, आबा.”

“खार असं करत न्हाई. ती जागेवर बसून एकेक दाणा सोलून खाती. अख्खं कणीस ती कुठं न्यायची?”

तिथं थांबले असते तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवसापासून मी काय केलं असेल? सुतळी दातानं तोडू लागले. चाळिशीला आलेली बाई, पदर खोचून, पेरूखाली टाचा उंचावून सुतळी कुरतडतेय — डोळ्यांपुढे आणा. हसा खुशाल. मीही हसते. पुढचं मात्र हसून सांगता येत नाही.

कुरतडलेली सुतळी बघूनही आबांचं मन घेईना. त्यांनी मला सरळ विचारलं, खार कणीस नेताना तू बघितलीस का? आणि मी म्हणाले, “बघितली. माझ्या डोळ्यांनी बघितली.”

हेच ते वाक्य. हुरडा खाल्ला ती हाव होती, ती मी विसरूनही गेले असते. हे वाक्य विसरता येत नाही.

“तू बघितली म्हंजी झालं,” आबा म्हणाले.

आमच्याकडे लोकांच्या गोठ्यापर्यंत बिबट्या येतो, त्याला पिंजरा लागतो. आमच्या परसात पिंजरा लागला तो खारीला, उंदराचा. बोडक्या शेपटीची ती बया पेरूच्या फोडीला भुलून सकाळीच अडकली. चतुर्थी होती आणि माझा नवरा लेण्याद्रीला निघालाच होता. आबा त्याला म्हणाले, “गणपतीच्या पायाशी सोड. उपाशी न्हाई ऱ्हायची.” मोटारसायकलच्या हँडलला पिंजरा लटकवून खार यात्रेला गेली. तिला पिलं होती का? माहीत नाही. मी घरटं बघायचीसुद्धा तसदी घेतली नाही.

आणि त्या दिवसापासून मी भीतीनं कणसांना हात लावला नाही. कणसं संध्याकाळपर्यंत जागच्या जागी. म्हणजे खारीवरचा आळ माझ्या साळसूदपणानं पक्का झाला.

आबांनी मात्र आठ दिवसांत बाज घरात घ्यायला लावली. म्हणाले, झाड मुकं झालंय. पुढे कुबडी घेऊन चालू लागले तेव्हा पहिल्यांदा पेरूखाली जाऊन उभे राहिले आणि कितीतरी वेळ वर बघत होते. “चोर व्हती, पर आपली व्हती,” म्हणाले. मी शेजारीच होते, त्यांचा हात धरून. तेव्हा बोलता आलं असतं. नाही बोलले.

आता ही गोष्ट घरात मोठी झालीय. दर हुरड्याला आबा ती पाहुण्यांना रंगवून सांगतात, खारीनं सुतळी कशी कुरतडली ते दात काढून दाखवतात, सगळे पोट धरून हसतात, आणि मी गरम हुरडा वाढत फिरते.

यंदा आबांना दिसत नाही फारसं. सकाळी उन्हाला बसून मलाच विचारतात, कोण कोण आलंय? मी सांगते. राघू. बुलबुल. गारठलेला. परवा त्यांनी विचारलं, “खार?”

“आलीया,” मी म्हणाले. खरंच आली होती, दुसरीच कुठली, झुबकेदार शेपटीची.

“तिला म्हणावं, म्या इसरलो समदं. खा म्हणावं पोटभर.”

मी झाडाखाली गेले आणि त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं सांगितलं. खारीचं लक्ष नव्हतं. ती फांदीला बांधलेल्या कणसावर बसून खात होती. जागेवर बसून, एकेक दाणा सोलून. सुतळीला तिनं तोंडही लावलं नाही.

आबांनी विचारलं, खाती का? मी म्हणाले, खाती. कशी खाती, ते सांगितलं नाही.