मोजण्याइतका फरक

संगणकाच्या पडद्यावर एका जोडताऱ्याचे दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते, एक गेल्या वर्षीचा, एक यंदाचा. दोन्हींत दोन ठिपके आणि मधली फट तेवढीच.

नवऱ्याला जाऊन तीन आठवडे झाले होते. रजेनंतर वेधशाळेतला तो माझा पहिला दिवस. आमचं काम ताऱ्यांच्या जागा मोजायचं, त्यावरून अंतर आणि मग वजन काढायचं. एकट्या ताऱ्याचं वजन काढणं अवघड. जोडीदाराला तो किती हलवतो, त्यावरून ते कळतं.

"बाई, आणखी रजा घ्यायची होती," शेजारच्या टेबलावरचे सावंत म्हणाले.

"घरी काय करू? कपाटंसुद्धा आवरून झाली."

दुपारी मुलीचा फोन आला. "आई, तू एकदाही रडली नाहीस. बाबांचं तुला काहीच वाटलं नाही का?"

मी पडद्याकडे बघत राहिले. या ताऱ्यांच्या एकमेकांभोवतीच्या एका फेरीला माणसाचं आयुष्य पुरत नाही, वर्षभरात काय दिसणार? अशा वेळी वहीत 'मोजण्याइतका फरक नाही' एवढंच लिहायचं असतं.

"आई?"

"मला अजून कळलेलं नाही गं," मी म्हणाले. "रडू आलं की आधी तुलाच फोन करीन."